पेंटोबार्बिटलखाली असिटिलकोलीन घटतं, ते नेमकं कुठे?

प्रश्न: पेंटोबार्बिटल (भूल देणारं बार्बिट्युरेट गटातलं औषध) दिल्यावर उंदराच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) मायक्रोडायलिसिसला, म्हणजे बारीक नळीने तिथल्या द्रवाचा नमुना घेऊन मोजलं की, असिटिलकोलीन (चेतापेशींमधला संदेशवाहक रेणू) बरंच उतरतं. हा गाबा-ए रिसेप्टरचा (चेतापेशींना शांत करणाऱ्या ग्राहकाचा) परिणाम, की चेतातंतूच्या टोकातूनच स्राव कमी होतो?

उत्तर १: दोन्ही. बार्बिट्युरेटमुळे गाबा-एची क्लोराइड वाहिनी जास्त वेळ उघडी राहते, म्हणून कोलिनर्जिक (असिटिलकोलीन सोडणाऱ्या) पेशी मंदावतात. बेन्झोडायझेपिनने (दुसऱ्या एका शामक औषधगटाने) ती फक्त जास्त वेळा उघडते. हा फरक विसरू नका. मात्रा वाढली की टोकावरच्या कॅल्शियम वाहिन्याही दबतात. कॅल्शियम आत शिरलं नाही, तर असिटिलकोलीनने भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) रिकाम्या होणार कशा?

उत्तर २: हे दोन परिणाम वेगळे करायचेत तर मेंदूची स्लाइस (जिवंत ठेवलेली पातळ चकती) घ्या. १ मायक्रोमोलर टेट्रोडोटॉक्सिनने (सोडियम वाहिन्या रोखणाऱ्या विषाने) फायरिंग, म्हणजे पेशींचे विद्युत-संदेश, बंद करा, पोटॅशियम वाढवून स्राव घडवा, आणि वाढवलं तेवढं सोडियम कमी करा. टोकांवरही गाबा-ए असतात, म्हणून सोबत १०० मायक्रोमोलर पिक्रोटॉक्सिन (गाबा-ए रोखणारं) हवंच. तरीही स्राव घटला, तर संशय कॅल्शियम वाहिन्यांवर. पेंटोबार्बिटल सोडियम अल्कधर्मी असतं. विरघळल्यावर पीएच ७.४ वर आणा, नाहीतर कॅल्शियम प्रवाह पीएचमुळेच बदलेल आणि दोष औषधाला जाईल.

उत्तर ३: जिवंत प्राण्यात आधी तापमान बघा. भुलीत शरीर गार पडतं आणि स्राव तेवढ्यानेही घटतो. हीटिंग पॅडवर ३७ अंश राखा.