मदत हवी आहे: सोडियम-आयन सेलमध्ये मोलिब्डेनम सल्फाइड ३० सायकलमध्ये कोसळतंय

नमस्कार मंडळी. नाशिकला एम.एस्सी.चा प्रकल्प करतेय. आमची द्राक्षबाग निफाडकडे. शेतीपंपाला वीज बहुतेक रात्रीच येते, ऐन थंडीत बाबा दोन वाजता मोटर सुरू करायला उठतात. दुपारची सौर वीज स्वस्त सेलमध्ये साठवता यावी म्हणून हट्टाने हा विषय घेतला.

सोडियम मोलिब्डेट आणि थायोयुरिया ऑटोक्लेव्हमध्ये २०० अंशांवर २४ तास ठेवून पावडर केली, एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) स्वच्छ आहे. तांब्याच्या फॉइलवर पीव्हीडीएफने (पावडर चिकटवणारं बहुवारिक) लेप, ईसी-डीईसी या कार्बोनेट द्रावकांत १ मोलर सोडियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट, समोर सोडियम. ०.०१ ते ३ व्होल्ट. पहिला डिस्चार्ज ६१० मिलीअँपिअर-तास प्रतिग्रॅम, लगेचचा चार्ज ४३०, तिसाव्या सायकलला जेमतेम १४०! हार्ड कार्बन (सोडियम सेलचं नेहमीचं ऋणाग्र द्रव्य) ३००च्या आसपास देतो, मग सल्फाइड कशाला, असं सर विचारतात. मला उत्तर सुचत नाही.

ग्लोव्ह बॉक्ससाठी (हवा-ओल नसलेली बंद पेटी) पुण्याला जावं लागतं, महिन्यातून एकच दिवस मिळतो. पुढच्या खेपेला सहाच कॉइन सेल भरता येतील. आधी काय बदलू?

प्रतिसाद: ताई, बंद पडलेला सेल उघडलात का? सेपरेटरचा (दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्याचा) रंग?

धागाकर्ती: हो दादा, ग्लोव्ह बॉक्समध्येच उघडला. ग्लास फायबरच्या सेपरेटरवर पिवळसर डाग होते.

प्रतिसाद: मग पॉलिसल्फाइड (गंधकाच्या साखळीचं सोडियम संयुग) विरघळतंय. साधारण ०.४ व्होल्टच्या खाली सोडियम नुसता थरांत शिरत नाही, थरच मोडतात. मोलिब्डेनम आणि सोडियम सल्फाइड वेगळे होतात आणि चार्ज करताना पूर्वीसारखे जुळत नाहीत. त्यातून निघालेलं पॉलिसल्फाइड कार्बोनेट द्रावकाशी क्रिया करतं, तांब्याशीही करतं. म्हणून सगळे सेल ॲल्युमिनियम फॉइलवर करा. लिथियम त्याच्याशी मिश्रधातू करतो, सोडियम करत नाही. मग दोन सेल ईसी-डीईसीमध्ये ०.४ व्होल्टला थांबवा, दोन डायग्लाइममध्ये (ईथर द्रावक) ०.०१ पर्यंत न्या, दोन डायग्लाइममध्ये ०.४ ला. म्हणजे दोष द्रावकाचा की व्होल्टेजचा ते सुटं दिसेल. ०.४ ला थांबलात तर प्रति मोलिब्डेनम चार सोडियमची सैद्धांतिक ६७० मिलीअँपिअर-तास प्रतिग्रॅम क्षमता विसरा. प्रति मोलिब्डेनम दोन सोडियम धरले तरी ३३५ हीच कमाल. सरांना तो आकडा आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ती: खूप आधार वाटला. आमच्याकडे डायग्लाइमची उघडलेली बाटली आहे, चालेल?

प्रतिसाद: तशीच नको, पावसाळ्यात उघडली असेल तर मुळीच नको. तापवून कोरड्या केलेल्या मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणारे मणी) दोन दिवस ठेवा, मगच पुण्याला न्या.