आईला सहा महिने जर्मनीला ताईकडे पाठवायचंय, बाळंतपणासाठी. नक्की कुठला व्हिसा काढू?

कृष्णाकाठ_कराड
नमस्कार मंडळी. ताई आणि दाजी स्टुटगार्टजवळ राहतात, दोघंही नोकरीला, 2021 पासून तिकडेच आहेत ब्लू कार्डवर (तिकडचं नोकरीचं परमिट). फेब्रुवारीच्या मध्यात ताईची डिलिव्हरी आहे, पहिलंच बाळंतपण, आणि ती इकडे माहेरी येऊ शकत नाही म्हणून आईलाच तिकडे पाठवायचं ठरलंय. आईचं म्हणणं असं की एवढ्या लांब जायचंच तर निदान सहा महिने राहीन, बाळ जरा बसायला लागलं की मग येईन. अण्णा येणार नाहीत कारण घरी आजी आहे, तिचं सगळं त्यांनाच बघावं लागतं. अण्णा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेत, पेन्शन आहे. आई गृहिणी, तिचं स्वतःचं उत्पन्न नाही, आयटी रिटर्न नाही.

आता गोंधळ असा झालाय की इथला एक एजंट म्हणतो टुरिस्ट व्हिसावर सहा महिने करून देतो, वरचे पैसे लागतील. ताईच्या ऑफिसातलं कोणीतरी म्हणालं की आता आईवडिलांना कायमचं नेता येतं असा नवीन कायदा झालाय. आणि मित्र म्हणतो जर्मनीची अपॉइंटमेंट मिळत नाहीये ना, मग फ्रान्सचा काढ, सगळं एकच आहे. डोकं चालेना झालंय. ज्यांनी केलंय त्यांनी जरा नीट सांगा प्लीज.

नेकारवाली_स्नुषा
अभिनंदन होणाऱ्या मामाचं! आधी त्या एजंटला नमस्कार घाला आणि परत त्याच्या दुकानात जाऊ नका. शेंगेन व्हिसा (जर्मनी-फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) म्हणजे टाइप सी, त्यात कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, बस, याच्यावर कोणाचा काही उपाय नाही, ना एजंटचा ना कॉन्सुलेटचा. टुरिस्ट म्हणून काढा, फॅमिली व्हिजिट म्हणून काढा, दिवस तेवढेच. अमेरिकेत एअरपोर्टवर सहा महिने मिळतात ते ऐकून लोकांना वाटतं युरोपातही तसंच असेल, पण तसं नाहीये.

आणि दिवस मोजताना पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही धरतात. समजा काकू 1 फेब्रुवारीला उतरल्या तर 1 मे हा नव्वदावा दिवस, म्हणजे महाराष्ट्र दिनाला त्या विमानात पाहिजेत. परत यायचं तर 31 जुलैपासून पुढे, आणि तेसुद्धा व्हिसा मल्टिपल एंट्री असेल आणि तोपर्यंत व्हॅलिड असेल तरच. तिथे गेल्यावर वाढवून मिळतो का असं पुढचं विचाराल म्हणून आधीच सांगते, आजारपण वगैरे खरंच अडचण असेल तरच, बाळ लहान आहे हे कारण धरत नाहीत.

आमच्याकडे आणि ओळखीतल्या बहुतेक घरांत काय करतात तर दोन आज्या वाटून घेतात. आधी मुलीची आई, ती निघायच्या दोन-चार दिवस आधी सासूबाई उतरतात. प्रत्येकीचे 90 दिवस वेगळे मोजले जातात त्यामुळे बाळाला सहा महिने कोणीतरी आजी मिळतेच. तुमच्या ताईच्या सासूबाई येऊ शकतात का ते बघा. आणि काकूंना महिनाभर आधी अजिबात पाठवू नका, ते दिवस नुसते वाट बघण्यात जातात, खरी गरज नंतर असते.

पौडरोड
ते सहा महिन्यांचं एवढं काय मनावर घेता, आमच्या ओळखीचे एक जण आठवडाभर जास्त राहून आले, कोणी काही विचारलं नाही.

नेकारवाली_स्नुषा
@पौडरोड हे सल्ले कृपया देऊ नका. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या बॉर्डरवर एंट्री-एक्झिट सिस्टीम सुरू झालीये, बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची नोंद थेट कंप्युटरवर. पूर्वी ऑफिसरने पासपोर्ट चाळून शिक्के शोधायचे आणि बोटांवर दिवस मोजायचे, त्यात एखादा सुटायचा. आता मशीनच सांगतं किती दिवस जास्त झाले. आणि त्याचं ओझं कोणावर, तर त्या माउलीवर, पुढच्या नातवंडाच्या वेळी व्हिसाच नाकारला तर?

लायपझिगचा_भाऊ
त्या नवीन कायद्याबद्दल मी सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर ते अर्धवटच फिरतंय. कायदा खरा आहे. 1 मार्च 2024 पासून स्किल्ड वर्कर लोकांना आईवडिलांना आणि जोडीदार जर्मनीत राहत असेल तर सासूसासऱ्यांनाही राहायला बोलावता येतं. पण मेख अशी की तुमचा तो कामाचा परमिट पहिल्यांदा 1 मार्च 2024 ला किंवा त्याच्यानंतर मिळालेला पाहिजे. तुमची ताई-दाजी 2021 चे, म्हणजे ते यात बसतच नाहीत. अन्याय आहे, जुने लोक इतकी वर्षं टॅक्स भरतायत आणि सवलत नव्यांना, पण नियम असा आहे.

आणि जे बसतात त्यांचंही सोपं नाही. आईवडिलांचा सगळा खर्च आणि मुख्य म्हणजे हेल्थ इन्शुरन्स तुम्ही दाखवायचा. पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला तिथल्या सरकारी इन्शुरन्समध्ये नव्याने घेत नाहीत सहसा, मग उरतं प्रायव्हेट, आणि बीपी-शुगरवाल्या सत्तरीच्या माणसाला प्रायव्हेटवाले एकतर दारात उभं करत नाहीत नाहीतर हप्ता असा सांगतात की ऐकूनच आपलं बीपी वाढेल. ट्रॅव्हल इन्शुरन्स त्यासाठी चालत नाही. मी स्वतः या नियमात बसतो, सप्टेंबर 2024 ला आलो, तरी इन्शुरन्सपाशी गाडी अडलीये. तीन महिन्यांच्या बाळंतपणासाठी त्या वाटेला जायचं कारणच नाही.

कृष्णाकाठ_कराड
बापरे, म्हणजे 90 दिवसच. ताईच्या सासूबाई येतील बहुतेक, विचारतो. मग आता कागद काय लागतील? आईच्या नावावर काहीच नाही ही मोठी भीती आहे. सातबारा अण्णांच्या नावावर, घर अण्णांच्या नावावर.

सदाशिव_टपाल
मी सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलगा म्युनिकला, त्यामुळे हे फॉर्म भरण्यात हात बसलाय. तुमच्या केसमध्ये भीतीचं कारण नाही, उलट केस चांगली आहे.

एक, खर्चाची जबाबदारी मुलीने घ्यायची. त्याला जर्मनीत एक ठराविक कागद आहे, फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग, नाव उच्चारता नाही आलं तरी चालेल, कन्येला सांगा तिला कळेल. तिने तिच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात अपॉइंटमेंट घेऊन, सॅलरी स्लिपा नेऊन, त्यांच्यासमोर सही करून तो करायचा असतो, 29 युरो फी आहे. साधं आमंत्रणपत्र वेगळं आणि हे वेगळं, हा कायदेशीर हमीचा कागद आहे. हा आला की आईचं बँक बॅलन्स किती हा प्रश्न बराचसा मिटतो. याचा ओरिजिनल भारतात लागतो, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो काउंटरवर चालत नाही, म्हणून तो कुरिअरने मागवून घ्या. आणि सहा महिन्यांपेक्षा जुना झाला की उपयोग नाही, त्यामुळे फार आधीही करू नका. पण तिथल्या ऑफिसात अपॉइंटमेंट मिळायलाच कधी कधी आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून तिने आजच नंबर लावून ठेवावा.

दोन, परत येणार हे पटलं पाहिजे. इथे तुमची बाजू भक्कम आहे. नवरा इथे, वयस्कर सासू इथे, हेच कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा. अण्णांचं पेन्शनचं पासबुक, मॅरेज सर्टिफिकेट, घरपट्टी, सातबारा लावा, मात्र मराठी कागद नुसते लावून उपयोग नाही, इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर सोबत पाहिजे. लोक सातबाऱ्याचा नुसता प्रिंट जोडतात आणि समोरच्याला गट नंबर काय कळणार आहे. आईचं आणि मुलीचं नातं दिसेल असा कन्येचा जन्मदाखला पण घ्या, लग्नानंतर तिचं नाव बदललं असेल तर तिचं मॅरेज सर्टिफिकेटही लागेल.

तीन, मेडिकल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांसाठी, पूर्ण मुक्कामाचा. व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो, व्हीएफएसचे (अर्ज घेणारी कंपनी) चार्जेस वेगळे. नाकारला तरी फी परत नाही. तिकिटाचं फक्त रिझर्व्हेशन दाखवा, व्हिसा हातात येईपर्यंत पक्कं तिकीट काढू नका.

धारावी_ते_डॉर्टमुंड
काकांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त फ्रान्सचं राहिलं. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा हा नियम आहे. 90 च्या 90 दिवस स्टुटगार्टला आणि व्हिसा फ्रान्सचा, कागदावर खोटं आयटिनररी, मग उतरल्यावर ऑफिसरने काकूंना विचारलं कुठे चाललात तर त्या काय पॅरिस म्हणणार का? त्या खरंच सांगणार, लेकीकडे चाललेय. मग बसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, 1 फेब्रुवारीला जायचं तर 1 ऑगस्टपासून दार उघडतं, तेव्हापासूनच पुण्याच्या व्हीएफएसचे स्लॉट बघत राहायचं, मुंबईचाही चालतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, कधीकधी 45 पण.

आणि सगळ्यांना राग येईल पण विचारतो, बाळाचे बाबा काय करणार आहेत? जर्मनीत बापालाही एल्टर्नझाइट म्हणजे बाळासाठीची रजा मिळते हो. आई-बापांनी मिळून घेतली तर भत्ता 14 महिन्यांपर्यंत मिळतो. शिवाय हेबामे म्हणजे सुईण घरी येते, पहिले दहा दिवस तर रोज येऊ शकते, पैसे सरकारी इन्शुरन्स देतो. फक्त ती आत्ताच शोधायला लागते, आठव्या महिन्यात शोधाल तर कोणी मोकळी नसते.

नेकारवाली_स्नुषा
राग कशाला, बरोबरच आहे 😄 पण तुमच्या हेबामेला अळिवाची खीर येते का ते विचारा.

कृष्णाकाठ_कराड
दाजी दोन महिने घेणार आहेत म्हणे, ताईशी बोललो आत्ताच. हेबामे मिळालीये तिला. आणि सासूबाईंनी हो म्हटलंय, मेपासून त्या. आईचा चेहरा थोडा उतरला पण ठीक आहे. अजून एक, एजंट म्हणाला होता प्रेग्नन्सीचं लिहू नका, काम करायला चाललीये असं वाटतं. खरं का?

सदाशिव_टपाल
मला हे पटत नाही. मुलीचं बाळंतपण आहे म्हणून आई चाललीये यापेक्षा समजण्यासारखं कारण कुठलं असणार? फॉर्मवर उद्देश कुटुंबाला भेट असाच टाका आणि पत्रात तारीख लिहा. मुटरपासमधल्या (तिकडची गरोदरपणाची नोंदवही) डिलिव्हरीच्या तारखेच्या पानाची कॉपी जोडा. नव्वद दिवस का मागताय हे त्यातून आपोआप कळतं. लपवलं तर उलट साठीची बाई एकटी तीन महिने हिवाळ्यात जर्मनी बघायला चाललीये असं दिसतं, ते कोणाला खरं वाटेल.

लायपझिगचा_भाऊ
+1. आणि व्हिसा आला की स्टिकर तिथल्या तिथे वाचा, हे फार कमी लोक करतात. वर कधीपासून कधीपर्यंत व्हॅलिड ते असतं आणि खाली मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात, आणि खरा आकडा तो दिवसांचा. व्हॅलिडिटी मेच्या मध्यापर्यंत दिसली म्हणून तोपर्यंत राहता येतं असं नाही, दिवस 90 लिहिले असतील तर 90. एंट्रीच्या जागी 01 असेल तर मधे लंडनला मावशीकडे वगैरे जायचा बेत करू नका, इंग्लंड शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा आणि एकदा बाहेर पडलात की हा संपला. स्वित्झर्लंडला जाऊन या, ते चालतं.

कृष्णाकाठ_कराड
लंडन कुठलं, आई मुंबईला जायचं म्हटलं तरी डोकं धरते. खूप धन्यवाद सगळ्यांना. औषधांचं आणि तुपाचं कोणी सांगेल का? आई आत्तापासून लोणी साठवायला लागलीये.

नेकारवाली_स्नुषा
औषधं तीन महिन्यांपर्यंतची स्वतःपुरती नेता येतात, डॉक्टरचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन हँडबॅगेत ठेवा. बीपी-शुगरचा जुना त्रास बऱ्याच पॉलिसीत धरत नाहीत, म्हणून गोळ्या पूर्ण न्यायच्या. तूप मात्र नाही, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. इथलं बिनमिठाचं बटर कढवलं की छान कणीदार तूप होतं, काकूंना दाखवते मी, स्टुटगार्टपासून लांब नाही आम्ही. डिंक, अळीव, खारीक, मेथ्या आणा, लाडू इथेच वळू.