खान्देशातल्या परसबागेसाठी कोणती पुस्तके वाचावीत?

परसदार_जळगाव

नमस्कार मंडळी,

आमचे घर जळगावात असून घरामागे साधारण 20 फूट लांब आणि 12 फूट रुंद अशी काळ्या मातीची मोकळी जागा आहे. शिवाय गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत. सासूबाई होत्या तोवर परसातले सारे त्याच पाहत असत. मृग लागला की कुंपणावर गिलके, दोडके आणि वालाचे वेल चढायचे, दिवाळीच्या आगेमागे मेथी, पोकळा आणि कोथिंबिरीचे वाफे पडायचे, आणि यातले काय केव्हा करायचे हे त्यांच्या हातांनाच ठाऊक होते. त्यांनी ते कुठे लिहून ठेवले नाही आणि मीही वेळेवर विचारून घेतले नाही. त्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. परस ओस पडलेले पाहवत नाही, म्हणून या वर्षी मी स्वतः सुरुवात केली.

मुलीने वाढदिवसाला बागकामाचे एक सुंदर, रंगीत इंग्रजी पुस्तक भेट दिले होते. ते मी मन लावून वाचले आणि त्यात सांगितल्याप्रमाणे वसंत ऋतूत, म्हणजे मार्चमध्ये, टोमॅटोची रोपे लावली. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडली आणि लावणीपूर्वी मातीत थोडा चुनाही मिसळला. रोपे वाढली, फुलेही आली. मात्र एप्रिल संपता संपता फुले गळू लागली, कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, आणि मे महिन्यात सगळेच वाळून गेले. कुंड्यांतली माती तर इतकी आवळली की ती कडेपासून सुटली आहे आणि घातलेले पाणी त्या फटीतून तळाला निघून जाते.

आपल्या भागातल्या उन्हाला आणि मातीला लागू पडतील अशी पुस्तके कोणी सुचवू शकेल का? मराठी असतील तर फारच उत्तम, पण इंग्रजीही चालतील. केवळ छायाचित्रे नकोत. एखादी गोष्ट का करायची हे समजावून सांगणारे पुस्तक हवे आहे.

निवृत्त_शिक्षक_अमळनेर

ताई, नमस्कार. आपले पुस्तक चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. ते ज्या हवेत लिहिले गेले त्या हवेत ते खरेच असेल. आपण ते जळगावात वाचलेत, एवढाच फरक आहे, आणि बागकामात हा फरक फार मोठा ठरतो.

थंड देशात कडक हिवाळा संपल्यावर वसंतात लागवड सुरू होते. आपल्याकडे भाजीपाल्याला खरा सोयीचा काळ म्हणजे पावसाळा आणि त्यानंतरची थंडी. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर जाऊ लागले आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात आणि फुले फळ न धरताच गळतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा त्या रोपांकडून फळांची अपेक्षाच करता येत नाही. तीच गोष्ट चुन्याची. जिथे भरपूर पावसाने जमिनीतला चुना धुऊन जातो आणि माती आम्ल होते, तिथली पुस्तके चुना घालायला सांगतात. आपली काळी माती मुळात विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असते आणि तिच्यात चुनखडीचे खडेही सापडतात. अशा मातीत आणखी चुना पडला की मुळांना लोह मिळेनासे होते, आणि आपण वर्णन केलेली हिरव्या शिरांची पिवळी पाने हे त्याचेच लक्षण आहे. चुलीची राखही याच कारणाने बेताने वापरावी.

म्हणून कोणतेही पुस्तक हाती घेतले की ते कोणत्या गावी बसून लिहिले आहे हे मी आधी पाहतो. के. एस. गोपालस्वामी अय्यंगार यांचे ‘कम्प्लीट गार्डनिंग इन इंडिया’ हे 1935 साली प्रथम प्रसिद्ध झालेले जाडजूड पुस्तक भारतीय बागांविषयीच्या मातब्बर ग्रंथांपैकी एक आहे. परंतु त्याचे लेखक बंगळूरचे आणि बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तिथला उन्हाळा आणि भुसावळचा उन्हाळा यांची तुलनाच नको. त्यामुळे गुटी कलम, दाब कलम, डोळा भरणे या एका झाडापासून दुसरे झाड तयार करण्याच्या रीती आणि छाटणी या गोष्टी त्यातून निःशंकपणे शिकाव्यात आणि लागवडीचे महिने मात्र त्यावरून ठरवू नयेत.

महिने ठरवण्यासाठी मी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘कृषिदर्शनी’चा आग्रह धरीन. ती दरवर्षी निघते, मराठीत आहे, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, त्यामुळे तिच्यातले हंगाम आपलेच असतात. अडचण इतकीच की ती शेतकऱ्यासाठी लिहिलेली असल्याने बियाण्याचे प्रमाण हेक्टरी दिलेले असते आणि घरगुती बागवाला ते पाहून पुस्तक मिटून ठेवतो. प्रत्यक्षात हिशेब सोपा आहे. हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर, म्हणून हेक्टरी 1 किलो म्हणजे चौरस मीटरला 0.1 ग्रॅम. मेथीचे बी हेक्टरी 25 ते 30 किलो लागते, म्हणजे चौरस मीटरला अडीच ते तीन ग्रॅम. आपण 10 फूट लांब आणि 4 फूट रुंद वाफा केलात तर तो पावणेचार चौरस मीटरचा होतो आणि त्याला 10 ग्रॅमच्या आसपास बी पुरते. दोन ओळींतले आणि दोन रोपांतले अंतर तर काहीही न बदलता जसेच्या तसे घेता येते.

‘का’ हे समजून घेण्यासाठी मात्र श्री. अ. दाभोळकर यांचे ‘विपुलाच सृष्टी’ वाचावे. ते मूळचे गणिताचे अध्यापक होते, कोल्हापूरच्या बाजूला त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांना स्वतः प्रयोग करून नोंदी ठेवायला शिकवले. झाड म्हणजे ऊन साठवणारी पाने आणि त्या पानांना पुरवठा करणारी मुळे, अशा हिशेबाने ते बागेकडे पाहायला लावतात. मी ते पन्नाशी उलटल्यावर वाचले, आणि वर्गात मुलांना प्रकाशसंश्लेषण शिकवताना हे पुस्तक हाताशी असते तर किती बरे झाले असते असे अनेकदा वाटले.

तापीकाठ

वरील यादीत जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांचे ‘एका काडातून क्रांती’ असायलाच हवे. मूळ जपानी पुस्तक 1975 सालचे असून त्याचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. नांगरणी नाही, रासायनिक खत नाही, जमिनीवर काडाचे आच्छादन ठेवायचे आणि निसर्गाच्या कामात शक्य तितका कमी हस्तक्षेप करायचा, हा त्यांचा विचार वाचल्यापासून माझी बागेकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. ताईंनी सुरुवात याच पुस्तकाने करावी.

केळीबाग_यावल

फुकुओकांविषयी मला अतिशय आदर आहे, तरीही नवख्या माणसाने त्या पुस्तकाने सुरुवात करावी हे मला पटत नाही आणि त्याची कारणे मी सविस्तर सांगतो.

ते जपानच्या शिकोकू बेटावर भात, जव आणि संत्रावर्गीय फळांची शेती करीत होते. तिथे पाऊस वर्षभर विखरून पडतो. आमच्याकडे जो काही पडतो तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी. ते पुस्तक वाचून मी पहिल्या वर्षी भाजीच्या वाफ्यांवर पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) आणि गव्हाच्या काडाचा चांगला वीतभर थर दिला होता. उन्हाळ्यात त्या कोरड्या थराखाली उधई (वाळवी) झाली, आणि पावसाळ्यात तोच थर काळ्या मातीवर ओला राहिल्याने मिरचीची रोपे बुंध्याशी सडून कोलमडली. आच्छादन वाईट नाही, आजही मी ते करतो. पण उन्हाळ्यात ओलिताच्या झाडांभोवती, पावसाळ्यात रोप हातभर वाढल्यानंतर, आणि बुंध्यापासून चार बोटे जागा सोडून. पुस्तकातला विचार खोल आहे, परंतु कृती आपल्या जमिनीवर बदलून घ्यावी लागते आणि ते बदल नवख्याला सुचत नाहीत.

माझ्या मते आपल्या मातीच्या सर्वांत जवळचे पुस्तक सातपुड्यापलीकडे इंदूरला लिहिले गेले. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात तिथल्या संशोधन संस्थेत होते. तिथलीही जमीन काळी, तिथलेही पीक कापूस, आणि पावसाचे गणितही आपल्यासारखेच चार महिन्यांचे. त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्यासोबत लिहिलेले ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर’ 1931 साली प्रसिद्ध झाले, आणि ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हे त्यांचे अधिक प्रसिद्ध पुस्तक 1940 सालचे आहे. कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती हीच. पालापाचोळा, शेण, जनावरांच्या मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे, ओलावा राखायचा, तीन वेळा वरखाली करायचे, आणि साधारण 90 दिवसांत खत तयार होते.

वाचताना मला सर्वांत भावली ती पऱ्हाटीची गोष्ट. कापसाची वाळलेली झाडे इतकी टणक असतात की ती लवकर कुजत नाहीत. म्हणून ती आधी रस्त्यावर पसरून ठेवायची आणि गाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या पायांखाली चुरडली गेल्यावर मग खतासाठी घ्यायची, अशी त्यांची रीत होती. पऱ्हाटी जाळून टाकताना दर वर्षी पाहणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला हे वाचून फार चुटपुट लागते. दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे कोरड्या महिन्यांत खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग हा नियम. उघड्यावरचा ढीग आपल्या उन्हात चार दिवसांत सुकतो, आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साचले की हवा न मिळाल्याने खताला दुर्गंधी येते. गावाकडे अनेकजण बारा महिने एकाच पद्धतीने खत करतात आणि मग ते जमत नाही म्हणून सोडून देतात.

परसदार_जळगाव

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. चुन्याचे कारण कळले तेव्हा वाईट वाटले, पण चूक नेमकी कुठे झाली हे समजल्याने धीरही आला. आज व. वा. वाचनालयात जाऊन दाभोळकरांच्या पुस्तकाची चौकशी करून येते.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इंदूर पद्धत शेतासाठी असणार. घरामागच्या एवढ्याशा जागेत आणि जनावरे नसताना ती जमेल का? आणि दुसरे असे की, आज कोठीची खोली आवरताना सासूबाईंचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात फडक्याच्या पुरचुंडीत राखेत ठेवलेले गिलक्याचे बी आहे. मृग दहा-बारा दिवसांवर आला आहे. हे बी अजून जिवंत असेल का, आणि बियाणे राखण्याविषयी एखादे चांगले पुस्तक आहे का?

पांझरा_धुळे

ताई, तुमचा डब्याचा मजकूर वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते आहे.

खताचे आधी सांगते. माझ्याकडेही जनावरे नाहीत. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल असा खड्डा मी कडुनिंबाच्या सावलीत केला आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या एका टोपल्याला वाळलेल्या पानांची दोन-तीन टोपली, वर मूठभर जुने खत किंवा शेणकाला, आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड पाण्याचा शिडकावा. हॉवर्डांच्या पुस्तकातून घ्यायचे ते थरांचे आणि हवेचे तत्त्व. त्यांची मापे शेताची आहेत. तुमच्या कुंड्यांसाठीही हेच खत उपयोगी पडेल. नुसती काळी माती कुंडीत कधीही भरू नका. मी एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व जाडसर वाळू असे मिश्रण करते, त्यामुळे माती आवळत नाही आणि कडेला फट पडत नाही. गच्चीवर एप्रिल-मे या दोन महिन्यांत 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधल्यावाचून आपल्याकडे कोवळी रोपे तगत नाहीत.

भाज्यांची ओळख करून घ्यायला नॅशनल बुक ट्रस्टने 1967 साली काढलेले बी. चौधरी यांचे ‘व्हेजिटेबल्स’ हे छोटेखानी पुस्तक मला आवडते. त्यातले वाण आता जुने झाले आहेत, परंतु प्रत्येक भाजीचे कूळ, तिची गरज आणि स्वभाव थोडक्यात कळतो. ते आणि ‘कृषिदर्शनी’ एवढ्यावर तुमचे पहिले वर्ष निभावेल. दाभोळकर सावकाश, दोन-दोन पाने वाचावेत, कारण ते घाईने वाचण्याचे पुस्तक नाही.

आता बियांचे. भोपळावर्गातले बी कोरडे राहिले तर चार-पाच वर्षेही उगवते, आणि तुमच्या सासूबाईंनी ते राखेत ठेवले याचा अर्थ ओल लागू नये याची काळजी घेतलेलीच आहे. कांद्याचे बी असते तर मी आशा ठेवू नका म्हटले असते, कारण ते वर्षभरातच कमजोर होते. सगळे बी एकदम पेरू नका. 10 बिया मोजून घ्या, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि फडके सुकू देऊ नका. आठवड्याभरात सहा-सात बियांना मोड आले तर मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर एका आळ्यात दोन-तीन बिया याप्रमाणे लावा. दोन-तीनच उगवल्या तर एका आळ्यात पाच-सहा टाका. उगवलेल्या त्या चाचणीच्या बियासुद्धा फेकू नका, छोट्या पिशवीत लावून ठेवा. काही बी पुरचुंडीत तसेच राहू द्या, म्हणजे पाऊस दगा देऊन गेला तरी पुढच्या वर्षाची सोय राहील.

बियाणे राखण्यासाठी वेगळे पुस्तक घेण्याची तुम्हाला गरज नाही, वहीच घ्या आणि आठ दिवसांनी किती मोड आले ते पहिल्या पानावर तारखेसह लिहा. वेल फळांवर आला की सर्वांत जोमदार वेलावरची पहिल्या बहरातली दोन गिलकी खुणेचा दोरा बांधून ठेवा, ती घरातल्या कोणाला तोडू देऊ नका, आणि वेलावरच पूर्ण वाळून आत बी खुळखुळू लागल्यावरच उतरवा.