लॉन्सने खान्देशातल्या लग्नाचे फोटो एकसारखे करून टाकलेत का?

सातपुडा_सावली
जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर, कुठलाही ताजा अल्बम उघडा. मागे एलईडी वॉल, अंगावर गुलाबी-जांभळा उजेड आणि नवरा-नवरी लांबून टिपलेले. गल्लीतल्या मांडवात लग्न लागायचं तेव्हा फोटोग्राफर अंतरपाटापासून चार फुटांवर उभा असायचा. 35 एमएमच्या लेन्सवर मामाचा पाठीवरचा हातसुद्धा फ्रेममध्ये यायचा. लॉन्सचं स्टेज उंच, कडेला कॅमेऱ्याची क्रेन, त्यामुळे तो लांबून टिपणारी 70-200 ची लेन्स लावून खाली थांबतो. म्हणजे शैली ठरवली ती जागेनं.

माझं ठाम मत आहे की अनुभवी फोटोग्राफरनं बुकिंगच्या वेळीच सांगावं, लग्न लॉन्सवर लावा, पण हळद घरच्या अंगणात करा. सकाळी साडेनऊच्या आत, वर पांढरं किंवा क्रीम कापड. मांडववाल्याचं भगवं-गुलाबी कापड असेल तर त्याचा रंग थेट चेहऱ्यावर उतरतो आणि एडिटिंगमध्ये तो नीट निघत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नका. भोवती सगळं पिवळं पाहून कॅमेरा निळा वाढवतो आणि नवरीची कांती राखेसारखी दिसते. 5200 केल्विनला बांधून टाका.

गिरणाकाठ
दादा, अंगणाचं प्रेम समजतं, पण आपलं ऊन विसरलात. जळगाव 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे संपता संपता दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली ओठांवर. त्यात 44 अंशांत फोर-केवर सलग रेकॉर्डिंग चालू ठेवलं की बरेच कॅमेरे तापून बंद पडतात. हजार-दीड हजार पाहुणे गल्लीत बसवायचे कुठे?

जागा यजमान ठरवणार, उजेड आपण. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत नऊ फुटी स्टँडवर सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या पेटीतले फ्लॅश, लावा. लाइटवाल्याला मंगलाष्टकांची दहा मिनिटं गुलाबी पार लाइट (स्टेजवरचे रंगीत दिवे) बंद ठेवायला सांगा, नाहीतर लाल रंग फुटतो, शालूची जर दिसेनाशी होते आणि ती नंतर परत आणता येत नाही. एलईडी वॉल 30 टक्क्यांवर उतरवा. शटरचा वेग 1/250 सेकंदाला नेला की वॉलवर आडवे पट्टे येतात, 1/100 ला बहुतेक वेळा जातात. फ्लॅश असल्यामुळे अक्षता त्या शटरलाही हवेत गोठतात. एवढं केलं तर लॉन्ससारखी सोयीची जागा नाही.

सातपुडा_सावली
पार लाइट बंद करण्याचा मुद्दा मान्य. पण ते दहा मिनिटं बंद ठेवू देतात कुठे? गोरज मुहूर्त पावणेसातचा असतो आणि नवरदेव डीजेपुढून हलतो आठला. ज्या संधिप्रकाशाच्या भरवशावर कॅमेरा लावलेला, तो कधीच गेलेला असतो. मग घाई, मग समोरून थेट फ्लॅश. लॉन्सला छत नाही, फ्लॅशचा उजेड आपटवून मऊ करायला (बाउन्स) भिंत नाही.

केळीबागेतून
तुम्ही दोघं अंतरपाटावरच अडलात. घरच्यांची खरी तक्रार निराळी असते. अल्बम आला की आत्या, मावश्या विचारतात, "आम्ना फोटो कोठे शे?" कँडिडच्या नादात नवरीचे झुमके बारा कोनांतून येतात आणि आजी एकदाही सरळ बसलेली दिसत नाही. जुन्या पद्धतीत 36 फोटोंचा रोल होता, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून घेतला जायचा, आणि त्यात घरचं माणूस सुटायचं नाही. वीस-पंचवीस कुटुंबांची यादी आदल्या दिवशीच घ्या, आहेराची रांग लागण्याआधी ते फोटो उरका. 12 बाय 36 च्या पानावर घडी बरोबर मध्ये येते, तिथे कुणाचा चेहरा टाकू नका. मोठ्या गटात f/1.8 चा, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवण्याचा हट्ट तर नकोच. दोन रांगा असतील तर f/5.6, तीन असतील तर f/8, नाहीतर मागची रांग पुसट.

आणि प्री-वेडिंगला रावेर-यावलच्या बागेत जाणाऱ्यांनो, केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जन्मभर निघत नाही. शालू नेसून पानांत शिरू नका, कडेच्या वाटेवर उभं राहा. चहूकडून हिरवा उजेड येतो, गालाखालून पांढरा रिफ्लेक्टर धरा आणि एडिटिंगमध्ये टिंट (रंगाची छटा) थोडा मॅजेंटाकडे न्या.

गिरणाकाठ
ताई, यादीचं शंभर टक्के खरं. पण प्री-वेडिंगला लोक आता त्याच चार जागांवर जातात, मेहरूण तलाव, लळिंगचा किल्ला, पाटणादेवी, चांगदेव. लॉन्स सारखे म्हणून ओरड करायची तर हेही सारखेच झालेत.

सातपुडा_सावली
सारखे होतात, कारण सगळे एकाच तासाला आणि एकाच कोनातून घेतात. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, खाली हतनूर धरणाचं फुगलेलं पाणी. जानेवारीत पाणी जिथवर असतं तिथे मे महिन्यात चिखल उघडा पडतो. दोन्ही महिन्यांत जाऊन पाहिलं तर एकाच जागेचे दोन वेगळे फोटो मिळतात. म्हणून माझं म्हणणं, एक जागा वर्षभर अभ्यासावी.

केळीबागेतून
जाताना परवानगीचं विचारून जा. चांगदेवचं मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉड लावायचा तर आधी मंजुरी लागते. पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येते, तिथे वनखातं. ड्रोन 250 ग्रॅमच्या वरचा असेल आणि काम पैशाचं असेल तर 2021 च्या नियमांप्रमाणे पायलटचं प्रमाणपत्र हवं. जळगावला विमानतळ असल्यामुळे उडवण्याआधी ड्रोनच्या नकाशावर ती जागा कुठल्या झोनमध्ये येते ते पाहा.

गिरणाकाठ
बरं, अंगणातल्या हळदीला माझी हरकत नाही, पण मार्चच्या आतली तारीख असेल तरच. मे असेल तर उत्तरेकडचा ओटा शोधा. तो नसेल तर एसी हॉल घ्या आणि खिडकीजवळ पाट मांडा.