विषय: जुने ठोंब फोडायचे कधी? (कोजागिरीच्या रोपांच्या टेबलासाठी)

प्रेषक: मेधा, नेपरव्हिल
रविवार, 17 ऑगस्ट 2025

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आम्ही इथे शिकागोजवळ घर घेतलं तेव्हा मागचं अंगण म्हणजे नुसता चिखल आणि वाळकी पानं. मे उजाडला आणि जमिनीतून एकेक वर यायला लागलं. आधीच्या आजींनी हौसेनं खूप लावून ठेवलंय, पण गेली काही वर्षं त्यांच्याच्यानं काही झालेलं दिसत नाही. ड्राइव्हवेच्या कडेला होस्टाचे (रुंद पानांचं शोभेचं झाड) पाच ठोंब आहेत, एकेक जेवणाच्या टेबलाएवढा. डेलिली इतकी दाट की मध्ये खुरपं शिरत नाही, फुलं मात्र मोजून सात-आठ. आयरिसचे कंद एकमेकांच्या डोक्यावर चढलेत. सेडमचं झुडूप मधूनच फाटून चारी दिशांना आडवं झालंय. डोक्याएवढं उंच एक गवत आहे, त्याला मधोमध टक्कल. आणि कुंपणापाशी पिओनी. तिला मेच्या शेवटी तीसेक फुलं आली होती, येणारा-जाणारा थांबून बघायचा.

सुनीताताई कोजागिरीच्या कार्यक्रमात (शनिवार, 4 ऑक्टोबर) रोपांचं टेबल लावणार आहेत. अभिजित म्हणतो, लेबर डेच्या सुटीत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सगळं एकदम खणू, फोडू, निम्मं परत लावू, निम्मं मंडळाला देऊ. मला धीर होत नाहीये. वसंतकाका, तुम्हीच सांगा.

मेधा

—

प्रेषक: निखिल, ऑरोरा
रविवार, 17 ऑगस्ट

मेधा, हात लावू नकोस! मी 2019 साली पिओनी फोडली. एप्रिलमध्ये, चांगला खोल खड्डा घेऊन, शेणखत घालून. तेव्हापासून पानं भरघोस येतात, फुलाचं नाव नाही. बायको दर मेमोरियल डेला (मेच्या शेवटी) खिडकीतून बघते आणि काही बोलत नाही. ते जास्त लागतं.

निखिल

—

प्रेषक: वसंत, शॉम्बर्ग
सोमवार, 18 ऑगस्ट

चि. मेधा,

अभिजितला सांग, लेबर डेला बार्बेक्यू कर.

तारीख ठरवून बाग फोडता येत नाही. आधी बघायचं, की या ठोंबाला फोडायची गरज आहे का. तू लिहिलेल्यात गरज कुणाला आहे ते तूच लिहिलंयस: मध्ये टक्कल पडलं, फुलं घटली, झुडूप स्वतःच्या भारानं आडवं झालं. ज्या पिओनीला तीस फुलं येतात तिला काय दुखतंय? पिओनी एका जागी पन्नास वर्षंही सुखानं राहते. तिला सोड.

मग बघायचं, ते फुलतं कधी. फुलोऱ्याच्या तयारीत असलेलं झाड खणलं तर ते ना धड फुलत, ना धड मूळ धरत. म्हणून वसंतात फुलणारी आत्ता उन्हाळ्याच्या शेवटी, आणि शरदात फुलणारी वसंतात. माझे वडील शेवंतीचे फुटवे नेहमी बहर संपल्यावर काढायचे, कळ्या असताना हात लावू द्यायचे नाहीत. तेच इथे, फक्त इथला हिवाळा घड्याळ लावून बसलेला असतो. जमीन गोठण्याआधी नव्या तुकड्याला चार ते सहा आठवडे हवेत. ते नाही मिळाले तर जानेवारी-फेब्रुवारीत जमीन गोठते-वितळते-गोठते, त्या उचक्यांनी उथळ मुळांचे तुकडे अक्षरशः वर फेकले जातात. माझी एका वर्षीची कोरलबेल्स मार्चमध्ये मुळं वर करून पडली होती. मी हॅलोविनच्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या अगदी शेवटी लावली होती, दोष कुणाला देणार.

आता तुझं एकेक.

आयरिस याच आठवड्यात. खरं तर जुलैतच घ्यायला हवी होती, पण ऑगस्ट चालतो. फावड्यानं नाही, खणायच्या काट्यानं उचल. मधले जुने, पानं नसलेले कंद फेकून दे, ते परत फुलत नाहीत. कडेचे जाडजूड, पानांचा पंखा असलेले ठेव आणि पानं वीतभर राहतील अशी काप. प्रत्येक कंद दाबून बघ. मऊ लागला, वास आला किंवा आत गुलाबीसर लठ्ठ अळी सापडली तर तो भाग कापून कचऱ्यात टाक, कंपोस्टात नाही. लावताना म्हैस डबक्यात बसते तसा कंद बसव: अंग मातीत, पाठ उन्हात. पूर्ण पुरलास तर कुजेल.

डेलिलीचा बहर संपलाय, गणपती उरकले की ती घे. तुझ्या वर्णनावरून हातानं सुटणारी नाही. दोन काटे पाठीला पाठ लावून ठोंबात रोव आणि दांडे एकमेकांपासून लांब ओढ. तुकड्यात दोन-तीन पंखे हवेत.

होस्टाला फोडण्याची गरज क्वचितच पडते. तो वयानुसार देखणा होतो. मंडळाला द्यायचेच असतील तर एकाच ठोंबाला कलिंगडाची फोड काढावी तशी धारदार फावड्यानं एक फोड काढ, खड्ड्यात कंपोस्ट भर, बाकीचा जागचा हलवू नकोस. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालेल, पाणी मात्र रोज. मला विचारशील तर एप्रिलचा शेवट उत्तम. तेव्हा कोंब नुसते टोकदार वर आलेले असतात, पानं फाटत नाहीत आणि कुठे कापायचं ते दिसतं.

सेडम आता फुलायला लागलंय, म्हणजे एप्रिल. आडवं झालंय म्हणून यंदा दोरी बांध. गवताचं मात्र नीट बघ. जुलैतच गव्हाळ रंगाचे सरळ उभे तुरे आले असतील तर ते कार्ल फॉर्स्टर नावाच्या जातीचं, ते सप्टेंबरात फोडता येतं. तुरे अजून आलेच नसतील आणि पान रुंद, मध्ये पांढरी रेघ असेल तर मिस्कॅन्थस. त्याला वसंतात नवीन कोंब दिसेपर्यंत हात लावायचा नाही. त्यासाठी पहार आणि जुनी करवत आणीन मी, तुमच्या घरातली हत्यारं वाकतील.

सगळ्याला एकच: आदल्या दिवशी भरपूर पाणी, ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ, आणि खणलेलं उन्हात ठेवून चहाला जायचं नाही.

निखिल, तुझ्या पिओनीचं दुखणं एप्रिल नाही, खड्डा आहे. आमच्या सांगलीकडे उसाची कांडी लावताना डोळा बघतात ना, तसेच हिच्या मुळाच्या माथ्यावर लालसर डोळे असतात. एका तुकड्यावर तीन ते पाच हवेत आणि त्यांच्यावर माती बोटाची दोन पेरं, जास्त नाही. तू शेणखतासकट खोल पुरलीस, डोळ्यांना इथली थंडी लागतच नाही, मग फूल कुठलं. सप्टेंबरच्या मध्यावर उकरून बघ.

वसंतकाका

—

प्रेषक: शुभदा, मॅडिसन
मंगळवार, 19 ऑगस्ट

नमस्कार. मी आता विस्कॉन्सिनमध्ये आहे पण मंडळाच्या मेल-लिस्टवर राहिलेय. काका, सगळं पटलं, पण कोजागिरीच्या टेबलाबद्दल घाबरून लिहितेय.

आमच्याकडे 2013 साली जंपिंग वर्म, म्हणजे साप वळवळावा तशी उसळणारी गांडुळं, पहिल्यांदा सापडली. आता तुमच्याकडेही आहेत. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की गांडूळ शेतकऱ्याचा मित्र. हे मित्र नाही. वरची माती खाऊन कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ करून टाकतं, मुळांना धरायला काही उरत नाही. मोठी गांडुळं थंडीत मरतात, पण मोहरीएवढी अंडकोशं मातीत राहतात, आणि ती मातीत दिसणं अशक्य. म्हणजे एका बागेतला ठोंब मातीसकट चाळीस घरांत वाटला की काय होईल बघा.

तपासायला हेच दिवस चांगले, ऑगस्ट-सप्टेंबरात ती मोठी झालेली असतात. गळ्यापाशी पांढुरका, गुळगुळीत, सपाट पट्टा दिसला की समजायचं. मेधा, तुझ्याकडे तशी निघाली तर मंडळाला काहीच देऊ नकोस.

नाही निघाली तरी मुळं नळाखाली स्वच्छ धुऊन, मातीशिवायच द्यावी. आणि प्रत्येक होस्टानंतर फावडं धुऊन ब्लीचच्या पाण्यातून काढ. होस्टाचा एक विषाणू कापताना रसातून पसरतो. पानावर शिरांच्या कडेनं शाई फुटल्यासारखे डाग असतील तर तो ठोंब फोडायचाच नाही, टाकून द्यायचा. त्यावर औषध नाही.

शुभदा

—

प्रेषक: सुनीता (कार्यकारिणी)
बुधवार, 20 ऑगस्ट

सर्वांना नमस्कार. शुभदाचं वाचून मी आधी टेबलच रद्द करणार होते. मग काकांशी फोनवर बोलले. ठरलं ते असं: फक्त धुतलेली मुळं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर नाव आणि रंग लिहून. कुंड्या नाहीत, माती नाही. टेबल मसाला दुधापासून लांब, कारण मागच्या वेळी पातेल्याशेजारी ठेवलेल्या पुदिन्याच्या कुंडीतून मुंग्या निघाल्या होत्या. सेडम, शेवंती, ॲस्टर यांचं वाटप पुढच्या एप्रिलात, अक्षय तृतीयेच्या सुमारास. नर्सरीतून आणलेल्या नव्या जातींच्या लेबलवर पेटंट लिहिलेलं असेल तर ती फोडून वाटू नका. अमेरिकेत असं पेटंट 20 वर्षं असतं, आणि मला मंडळाच्या नावानं पत्र नकोय.

सुनीता

—

प्रेषक: मेधा, नेपरव्हिल
रविवार, 7 सप्टेंबर

काका, आयरिस झाली. एका वाफ्यातून घमेलंभर कंद निघाले, त्यात ठेवण्यासारखे अकरा. बाकी पोकळ किंवा मऊ, चारांत अळी. अभिजितनं पहिली अळी बघितली आणि त्याचा सगळं एकदम खणण्याचा उत्साह गेला. म्हशीसारखे बसवलेत, शेजारीण विचारत होती अर्धवट का पुरलेत.

डेलिली कालच्या विसर्जनानंतर आज. दोन काटे रोवून आम्ही दोघं विरुद्ध बाजूंना लोंबकळलो तेव्हा कुठे फाटली. अठरा तुकडे झाले, सहा आम्हाला, बारा मंडळाला. चाळणीत धरून धुतले. मातीत दोन गांडुळं दिसली, पण पट्टा गुलाबी आणि फुगीर होता आणि ती आळशी होती, उसळली नाहीत. होस्टाच्या दोन फोडी काढल्या, कार्यक्रमापर्यंत सावलीत, धुतलेल्या कुंडीत, विकतच्या पिशवीतल्या मातीत ठेवल्यात. सुनीताताई, देताना ती माती झटकून देईन. गवत मिस्कॅन्थसच आहे, पांढरी रेघ दिसली. एप्रिलात पहार घेऊन याच, पुरणपोळी माझ्याकडे.

पिओनीला फक्त पाणी घातलं.

मेधा

—

प्रेषक: निखिल, ऑरोरा
रविवार, 14 सप्टेंबर

वसंतकाका, आज बायको मैत्रिणीकडे गेलीय ती संधी साधून उकरलं. डोळे होते, चांगले टपोरे, लाल. पण पाच पेरं खाली! मोजताना बोट पुरलं नाही. चार-चार डोळ्यांचे दोन तुकडे झाले, दोन पेरं मातीखाली लावले. एक डोळा मोडला, तो लपवलाय. फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतील ना? तोवर कुणी घरी विषय काढू नका, प्लीज.

निखिल

—

प्रेषक: ऋजुता, ऑरोरा
रविवार, 14 सप्टेंबर

मीही याच लिस्टवर आहे. फावडं धुऊन जागेवर ठेव.

ऋजुता