विषयांच्या याद्यांपलीकडे: अंमलबजावणी कोणाकडे?

संघराज्यात केंद्र किती बलवान आहे हे केंद्र आणि राज्ये यांच्यात वाटलेल्या विषयांची यादी पाहून कळते, हे मत मला अर्धेच पटते, कारण यादी फक्त कोणत्या विषयावर कायदा कोणी करायचा ते सांगते. तो राबवणारे कर्मचारी कोणाचे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जर्मनीत महत्त्वाच्या विषयांवर कायदे करण्याचा अधिकार मोठ्या प्रमाणात संघाकडे, म्हणजे केंद्राकडे आहे, पण १९४९च्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या राज्यघटनेच्या, कलम ८३नुसार संघाचे कायदे राबवण्याचे काम सर्वसाधारणपणे राज्यांचे आहे, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या अधिकारात. म्हणूनच तिथल्या बुंडेसराटमध्ये, म्हणजे कायदे करण्यात भाग घेणाऱ्या राज्यांच्या सभागृहात, राज्य सरकारांचे सदस्य स्वतः बसतात, प्रत्येक राज्याला लोकसंख्येनुसार तीन ते सहा मते असतात आणि ती एकगठ्ठाच द्यावी लागतात. कायदा राबवताना येणाऱ्या अडचणी त्यामुळे कायदा होतानाच मांडल्या जातात, आणि मला ही रचना फार मोलाची वाटते.

अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली प्रिंट्झ खटल्यात असा निर्णय दिला की संघाचा कायदा राबवण्याची सक्ती राज्यांच्या अधिकाऱ्यांवर करता येणार नाही.