बाबांची दाढी करायला शिकायचं आहे (ब्रश, फेस, ब्लेडचा रेझर) : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे राहतो. आई-बाबा इतकी वर्षं चरईत होते, गेल्या वर्षी त्यांना इकडे आणलं. बाबांना पार्किन्सन्स आहे. गोळ्यांनी चालणं बरंच सुधारलंय, पण उजव्या हाताची थरथर आहेच. त्यांच्या हातात ब्लेड द्यायची आता घरात कुणाची हिंमत होत नाही.

बाबांनी आयुष्यभर एकाच पद्धतीने दाढी केली. स्टीलच्या वाटीत गरम पाणी, ब्रश, गोल साबण, आणि दांड्याची खालची कळ फिरवली की वरची दोन झाकणं उघडतात तो रेझर. वागळे इस्टेटला फर्स्ट शिफ्टला जायचे तेव्हाही दाढी चुकली नाही. ब्लेड सुपरमॅक्सचंच, कारण ते ठाण्यात बनायचं. तीन हात नाक्यावरून जाताना मला कारखाना दाखवायचे. सध्या मी त्यांना ट्रिमर फिरवून देतो. पण ट्रिमर कितीही जवळून फिरवला तरी खुंट राहतो, आणि मग ते दिवसभर हनुवटीवरून हात फिरवत बसतात. तक्रार करत नाहीत, पण त्यांना बरं वाटत नाही हे दिसतं. सलूनवाला घरी येऊन करून जातो, माणूस चांगला आहे, पण तो दुकान बंद करून येणार. बाबांना दाढी हवी सकाळी, चहा झाल्यावर आणि पेपर हातात घ्यायच्या आधी. ती मला त्यांच्याच पद्धतीने नीट करून द्यायची आहे.

मी स्वतः कॉलेजपासून ट्रिमरवाला. म्हणून आधी स्वतःच्या चेहऱ्यावर शिकतोय, आणि तिथे अडलोय.

फेस टिकत नाही. ब्रश घुमवला की मोठाले बुडबुडे येतात, आणि गालाला लावून रेझर उचलेपर्यंत सगळा फेस बसून पांढुरका चिकट थर उरतो. बाबा म्हणतात चरईत असं कधी व्हायचं नाही, हल्लीच्या साबणात दम नाही. नवा साबण आणला, तेच. क्रीमने थोडं बरं, पण फार नाही. आमच्या सोसायटीला बरंचसं पाणी टँकरचं आणि बोअरवेलचं येतं, त्याचा काही संबंध असेल का?

गालांवर हात बसतोय, पण गळ्यावर घाटीच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या दिवशी लाल पुरळ उठतं आणि आग होते. कोन चुकतोय की दाब, हे कळायचं कसं? शिवाय बाबांच्या रेझरची कळ घट्ट बसलीय, पूर्ण फिरत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाबांना स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. गळ्याची कातडी सैल झालीय, मान पुढे झुकलेली असते. दुसऱ्याची दाढी करताना हात कसा धरायचा, त्यांना कसं बसवायचं? ज्यांनी घरच्या आजारी माणसाची दाढी केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तलावपाळी :

साबणाला दोष देऊ नका, पाणीच कारण आहे असं मला वाटतं. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण त्यांच्याशी जोडला जातो आणि न विरघळणारा साका होतो. तुम्ही म्हणता तो चिकट थर म्हणजे हाच. निम्मा साबण त्यातच संपला तर फेसाला काय उरणार? चरईत महापालिकेचं पाणी होतं, म्हणून बाबांना कधी जाणवलं नसेल. खात्री करणं सोपं आहे. एक दिवस स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी गरम करून घ्या, ब्रशही त्यातच भिजवा. फिल्टर आरओचाच हवा; नुसत्या यूव्हीने जंतू मरतात, क्षार जात नाहीत.

बुडबुडे येतात ते पाणी एकदम जास्त पडल्यामुळे. भिजलेला ब्रश चांगला झटका, साबणावर अर्धा मिनिट फिरवा, केसांच्या टोकांना घट्ट लगदा चढू द्या. मग वाटीत घुमवताना थेंब थेंब पाणी घाला. घोटलेल्या दह्याइतका दाट आणि चकचकीत झाला, एकही बुडबुडा दिसेनासा झाला, की थांबा. त्याआधी दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर ठेवा. दाढीचा केस पाणी पितो आणि मऊ होतो, कापायला जोर खूप कमी लागतो. घाईच्या वेळी लोक नेमकं हेच गाळतात.

कोनासाठी : रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवा, दांडा गालाला काटकोनात. आता दांडा सावकाश खाली आणा. खुंट कापला जाण्याचा बारीक करकर आवाज सुरू झाला की तोच कोन, साधारण ३० अंश. तो धरून छोटे छोटे हात मारा, इंच-दीड इंचाचे. दाब अजिबात नको, रेझरचं वजनच पुरतं. ट्रिमर वापरणाऱ्याच्या मनगटाला दाबायची सवय असते, ती जायला वेळ लागतो.

दाब पडला का हे तुरटी सांगते. दाढी झाल्यावर गार पाणी, मग ओली तुरटी फिरवा. जिथे झोंबेल तिथे दाब पडला किंवा एकाच जागी जास्त वेळा पातं फिरलं. दुसऱ्या दिवशी तिथे हात हलका.

गळ्याचं वेगळं आहे. गालावर केस बहुधा खाली वाढतात, गळ्यावर मात्र आडवे, तिरके, कधी खालून वर. दोन दिवस खुंट वाढू द्या आणि बोट सगळ्या दिशांनी फिरवून बघा. ज्या दिशेला गुळगुळीत लागेल ती सुलटी. तुमचा हात तिथे नकळत उलटा जात असणार. उलट्या हाताने केस कातडीच्या खाली कापला जातो, आणि कुरळा असेल तर वाढताना आतच वळतो. पुरळ त्याचंच. सध्या गळ्यावर एकदाच आणि सुलटा हात.

कळीत बहुतेक क्षार साठलेत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात दहा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर धुवा. जास्त वेळ ठेवू नका, वरचा मुलामा जातो. पण कळ पूर्ण फिरल्याशिवाय तो रेझर चेहऱ्याला लावू नका. किंग कॅम्प जिलेटला १९०४ साली ज्याचं पेटंट मिळालं त्या रेझरची मूळ कल्पनाच ही आहे, की पातळ, लवचीक पातं वरखाली दाबून घट्ट धरायचं. झाकणं सैल राहिली तर पातं थरथरतं आणि ओरखडे काढतं. बंद केल्यावर वरून बघा, दोन्ही बाजूंना धार सारखी बाहेर दिसली पाहिजे.

ब्लेड तीन ते पाच दाढ्यांनंतर बदला. जपानी फेदर वगैरे फार धारदार असतात, हात बसेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

वाशीकर :

एवढा खटाटोप कशाला? चांगला इलेक्ट्रिक शेव्हर घ्या, कापायची भीतीच नाही.

सिस्टर_ऐरोली :

वाशीकर, रक्त पातळ असलेल्या पेशंटला आम्हीही वॉर्डात बहुतेक वेळा तेच सुचवतो, सल्ला चुकीचा नाही. पण या काकांना नुसती गुळगुळीत हनुवटी नकोय, म्हणून मधला मार्ग सांगते.

दादा, दोन धारांचं ब्लेड तुम्ही स्वतःवर शिका, पण काकांच्या चेहऱ्याला इतक्यात लावू नका. ब्रश, गरम पाणी, साबण सगळं त्यांचंच ठेवा, फक्त रेझर साधा कार्ट्रिजचा घ्या. त्यात कोन ठरलेला असतो, त्यामुळे ते मध्येच हलले तरी खोल कापण्याचा धोका कमी. तरीही आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, आणि दाढीसाठी गोळी एक दिवसही परस्पर बंद करू नका.

वेळ पार्किन्सन्सच्या गोळीप्रमाणे ठरवा. गोळीचा असर चढलेला असतो तेव्हा थरथर आणि ताठरपणा दोन्ही कमी असतात. चहानंतरची वेळ जुळते का ते दोन-चार दिवस बघा.

बसवायला हाताची खुर्ची, पाठ उंच, मानेमागे गुंडाळलेला टॉवेल. आडवं झोपवू नका. या आजारात गिळायला त्रास असू शकतो, लाळ किंवा फेस घशात गेला तर ठसका लागतो. मान मागे ढकलू नका, जेवढी सहज जाते तेवढीच. तुम्ही त्यांच्या बाजूला उभे राहा. एका हाताच्या बोटांनी कातडी ताणायची, कानाजवळ वर आणि गळ्याला कॉलरबोनच्या दिशेने खाली, आणि ताणलेल्या भागावरच रेझर न्यायचा. रेझरच्या हाताची करंगळी त्यांच्या गालावर टेकलेली ठेवा, म्हणजे चेहरा हलला की तुमचा हातही बरोबर हलतो. प्रत्येक हात मारण्याआधी ‘आता गळा’, ‘आता ओठावर’ असं सांगा. ओठावरचा भाग शेवटी.

कापलंच तर स्वच्छ कापड दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. त्यानंतरही थांबलं नाही तर डॉक्टर. तुरटी तुमची वेगळी, त्यांची वेगळी. पातं तर कधीच एकमेकांचं नको, घरातलं असलं तरी. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात.

अजून एक. ब्रश त्यांच्या हातात द्या. या आजारातली थरथर बऱ्याच जणांना हात स्वस्थ असताना जास्त होते, काम करताना कमी. ब्रशने काही कापत नाही. फेस त्यांनीच काढावा, त्यांनीच लावावा. वेळ लागेल, लागू दे. दाढी ‘करून घेणं’ आणि ‘करणं’ यात पेशंटला फार फरक वाटतो, हे मी रोज बघते.

धागाकर्ता :

तलावपाळी, आरओच्या पाण्याने फेस शेवटपर्यंत टिकला. बाबांना दाखवला तर म्हणाले, “हा कसा झाला!” आणि ब्रश हातातून काढूनच घेतला. सिस्टर, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी दोन्ही गालांना फेस लावला, कानाच्या पाळीलाही लागला, पण लावला. तुमचे खरंच आभार.

डॉक्टरांशी बोललो. कार्ट्रिज चालेल म्हणाले, रोज न करता एक दिवसाआड करा, आणि रक्त लवकर थांबत नसेल तर कळवा. वाशीकर, राग मानू नका, शेव्हरही आणून ठेवणार आहे, तब्येत नरम असेल त्या दिवसांसाठी.

एकच शंका उरली. एवढ्या दाट फेसाने कार्ट्रिज लगेच भरतं आणि दुसऱ्या हाताला नुसतं घसरतं. काय करू?

वाशीकर :

राग कसला! माझ्या सासऱ्यांची दाढी मी काही महिने करत होतो, शेव्हरनेच, म्हणून सुचवलं.

तीन-चार पात्यांचं घेतलं असेल तर दोन पात्यांचं आणा, ते कमी भरतं. वाटीशेजारी उंच मगात गरम पाणी ठेवा आणि प्रत्येक हातानंतर रेझर त्यात खळखळवा. बेसिनवर आपटू नका, टॉवेलला पुसू नका, धार जाते. खुंट दोन दिवसांचा असेल तर आधी ट्रिमर फिरवून मग फेस लावा.

आणि तुमची वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, घंटागाडीवरची माणसं हाताने कचरा वेगळा करतात. पत्र्याच्या डबीला चीर पाडून त्यात टाकत जा. भरली की चिकटपट्टीने बंद करून वर ‘ब्लेड’ लिहा आणि सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी हातात द्या.